हात पोचला तेवढ्या फळ्या

शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्या शेजारीपाजारी सगळ्यांच्या मागच्या अंगणात बार्बेक्यूची शेगडी असे आणि मुलांचा झोपाळा असे. आमच्या अंगणात फळ्या होत्या. दक्षिणेकडे तोंड केलेला एक तिरका लाकडी सांगाडा, आणि त्यावर खालपासून वरपर्यंत ओळींनी बसवलेल्या पाइनच्या हातभर लांबीच्या फळ्या. पहिल्याच उन्हाळ्यात शेजारीण कुंपणापाशी आली आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, लाकूड म्हातारं कसं होतं ते बघतेय. ती 'हाउ नाइस' म्हणाली आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. मी शिकागोतल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि त्या फळ्या म्हणजे माझा प्रबंध होता. काही फळ्यांना वॉर्निश होतं, काहींना पाणी आत शिरू न देणारा एक पातळ लेप, आणि काही अगदी कोऱ्या. ऊन, पाऊस, बर्फ खाऊन लाकूड उलतं. भेग इतकी रुंद झाली की पत्र्याची एक ठरावीक जाडीची पट्टी तिच्यात शिरते, की ती फळी 'गेली' असं मी धरायचे. कुठल्या लेपाची फळी किती काळ तगते, एवढाच प्रश्न. तो सोडवायला शहराच्या धुरापासून लांब, दिवसभर ऊन लागेल अशी जागा हवी होती. माझे सर म्हणाले, तुझ्याकडे अंगण आहे. झालं, अंगण गेलं.

सर उंच, हाडकुळे, निवृत्तीला आलेले. बोलण्यात फार काटकसर. त्यांचं एक वाक्य मात्र मी इतक्या वेळा ऐकलं की स्वयंपाक करतानाही कानात वाजायचं: 'एका फळीवरून काही सांगता येत नाही.' आणि ते खरंच होतं. एकाच झाडाच्या, एकाच दिवशी कापलेल्या, एकाच डब्यातलं वॉर्निश लावलेल्या दोन फळ्या मी शेजारी शेजारी पाहिल्या आहेत. एक पहिल्याच हिवाळ्यात आडवी झाली आणि दुसरी तिसऱ्या हिवाळ्यातही मजेत. का, ते ब्रह्मदेवालाच ठाऊक. पण पुष्कळ फळ्या एकत्र घेतल्या की त्यांच्या मरणाला एक चाल दिसायला लागते. मला त्या चालीचं वेड लागलं होतं.

कुठली फळी सांगाड्यावर कुठे बसवायची, हे आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. स्टीलच्या पातेल्यात चिठ्ठ्या आणि मी डोळे मिटून उचलतेय, हे बघून नवरा म्हणाला, 'भिशी लावलीस काय?' पण त्याला कारण होतं. खालच्या ओळीत बर्फ जास्त दिवस साचतो, वरच्या ओळीला वारा जास्त लागतो. मी माझ्या हातानं जागा वाटल्या असत्या तर नकळत माझ्या लाडक्या फळ्यांना चांगली जागा दिली असती. चिठ्ठीला लाडकं-दोडकं नसतं.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या सासूबाई चिपळूणहून आल्या. सासरे थंडीच्या धास्तीनं घरीच राहिले. आईंना आम्ही बोलावलं नव्हतं, त्यांनीच पत्र पाठवलं होतं की सुनेचं शिक्षण संपत आलंय, शेवटचं वर्ष तरी तिला चुलीपाशी जायला लागू नये. आल्या त्या दिवसापासून त्यांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. इलेक्ट्रिकच्या शेगडीला रोज शिव्या घालत त्या तिच्यावर घावने करायच्या. मी सकाळची ट्रेन पकडून शिकागोला जायचे आणि संध्याकाळी घरी आले की ताट वाढलेलं असायचं. माझी स्वतःची आई मी लहान असताना गेली. कुणीतरी आपल्यासाठी ताट वाढून वाट बघतंय, हे सुख मला परदेशात, तिशी उलटल्यावर, सासूकडून मिळालं. मी तेव्हा त्यांना हे कधी बोलून दाखवलं नाही. आता लिहून ठेवते.

दर शनिवारी मी फळ्यांपाशी बसायचे. भिंग, पट्टी आणि वही. आई खिडकीतून बघत असायच्या. त्यांना फळ्यांची कीव यायची. 'अगो, किती उलल्येत बिचाऱ्या. काहीतरी लाव की त्यांना.' मी सांगितलं, आई, काही लावायचं नाही, हात पण लावायचा नाही, त्या म्हाताऱ्या व्हायला ठेवल्यात. त्या म्हणाल्या, 'माणसं ठेवतात तशा?' आणि आत गेल्या.

त्याच सुमारास नवऱ्याची बदली ठरली. त्याची कंपनी उन्हाळ्यात आम्हाला टेक्सासला हलवणार होती. म्हणजे वसंतात माझा प्रबंध पुरा झाला तर झाला. नाहीतर सांगाडा मोडायचा, घर विकायचं आणि ह्यूस्टनजवळच्या कुठल्यातरी घरात 'पीएच.डी. अर्धवट' ही पाटी मनात लावून बसायचं. फळ्या पुन्हा नव्यानं म्हाताऱ्या करायला पुन्हा तेवढीच वर्षं लागली असती, आणि तेवढा दम माझ्यात उरला नव्हता. आईंना हे सगळं माहीत होतं. त्या देवाला रोज काय सांगत होत्या तेही मला माहीत होतं.

मग खंडेनवमी आली. चिपळूणला त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची, अवजारांची पूजा होते: विळी, कोयती, पाटा-वरवंटा, शिलाईचं मशीन. ज्याच्यावर आपलं चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे. मी त्या दिवशी नेहमीसारखी विद्यापीठात गेले होते. संध्याकाळी घरी आले तर गॅरेजमध्ये गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक, गवत कापायच्या यंत्राला झेंडूची माळ, टोस्टरला हळदकुंकू, नवऱ्याच्या कॅल्क्युलेटरवर अक्षता. मला हसू आलं. नवरा म्हणाला, 'व्हॅक्यूम क्लीनरला ओवाळलं सुद्धा, आय स्वेअर.' मी हसत हसत चहाचा कप घेऊन मागच्या दारात आले आणि फळ्यांकडे बघितलं.

दुपारी रिमझिम झाली होती. सांगाड्यावरून कुंकवाचे लाल ओघळ खालपर्यंत आले होते. वरच्या फळीवरचं खालच्या फळीवर, तिथून आणखी खाली. चिंब लाकडावर कुठे तेलकट चमक दिसत होती, कुठे नुसतं पाणीच असावं. मी बोट लावून नाकापाशी नेलं. कोकमतेल. आईंनी टाचांसाठी चिपळूणहून आणलेलं, घरी केलेलं, गोळे बांधलेलं कोकमतेल.

'तुझं आयुध तेच ना,' आई माझ्या मागे येऊन म्हणाल्या. 'गाडीची केली, टोस्टरची केली, आणि ज्यावर तुझं सगळं आहे त्याची करायची नाही? हातासरशी भेगांत थोडं तेल पण घातलं. थंडी येत्ये.'

मला राग लवकर येतो आणि आला की तो चेहऱ्यावर, आवाजात, हातातल्या कपात, सगळीकडे येतो. मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढं म्हणाले की हात लावायचा नाही असं मी मराठीतच सांगितलं होतं. तेल गेलेल्या फळीचं वय पुढे मोजण्यात अर्थ नव्हता, आणि कुठल्या फळीत तेल गेलं ते पावसानं पुसून टाकलं होतं. आईंचा चेहरा एवढासा झाला. त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही.

सकाळी नवऱ्यानं तोडगा काढला. 'अगं, सिंपल आहे. सरांना सांग, फक्त बॉटम रो खराब झाली. ती ड्रॉप कर आणि मूव्ह ऑन. ते काय इथे येऊन चेक करणार आहेत?' मी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, 'मी येत्ये तुझ्याबरोबर. केलं मी, तर सांगीन पण मीच.' आणि त्या नऊवारीवर स्वेटर, त्यावर नवऱ्याचा जाड कोट, आणि पायात मोजे घालून बूट, अशा तयार होऊन दारात उभ्या राहिल्या.

ट्रेनमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. मला एकच गोष्ट त्यांना विचारायची होती, कुठल्या फळ्यांना हात लावला, आणि मी ती विचारली नाही. रागामुळे नव्हे. मी विचारलं असतं तर मला हवं असलेलं उत्तर माझ्या प्रश्नातच त्यांना ऐकू आलं असतं, आणि माझ्यासाठी त्यांनी तेच दिलं असतं. त्यांच्या मायेची मला तेवढी खात्री होती आणि त्या क्षणी तिचीच भीती वाटत होती. म्हणून आम्ही शिकागो येईपर्यंत घरं मोजल्यासारख्या बाहेर बघत राहिलो.

आई खोलीत शिरल्या तेव्हा सर उठून उभे राहिले. त्यांनी स्वतः तो कोट घेऊन खुंटीला लावला. मी झालं ते सांगितलं. सर म्हणाले, 'तिला विचार, तिनं फळ्या निवडल्या कशा?'

सगळं त्या एका उत्तरावर होतं. समजा आईंनी दया येऊन, उललेल्या, जायच्या बेतात असलेल्या फळ्याच शोधून शोधून तेल लावलं असतं. मग मोजणीतून बाहेर जाणाऱ्या सगळ्या वाईट फळ्या असत्या, मागे उरलेल्या सगळ्या धडधाकट, आणि माझं उत्तर गोड पण खोटं आलं असतं. प्रबंध संपला असता. आणि आईंना मी ओळखत होते. बाजारात त्या दबलेली केळी घ्यायच्या, ती कोण घेणार म्हणून.

मी जसाच्या तसा प्रश्न मराठीत विचारला. सरांनी भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूनं सांगाडा काढला, ओळी काढल्या, आणि खडू आईंसमोर धरला. आई उठल्या. डाव्या कोपऱ्यातून, अगदी खालून, त्यांनी एकेका चौकोनात ठिपका द्यायला सुरुवात केली, आदल्या दिवशी कुंकू लावलं असेल तसाच, अनामिकेच्या रोखानं. खालची ओळ पुरी. त्यावरची ओळ पुरी. तिसरी अर्ध्यापर्यंत.

'इथपर्यंत हात पोचला,' त्या म्हणाल्या. 'पुढे ते झुडूप आडवं येतं. आणि वर माझा खांदा जात नाही. मनात होतं सगळ्यांना लावायचं.'

मी ते सांगत असताना माझा आवाज बदलला असावा, कारण सरांनी माझ्याकडे बघितलं. हात पोचला तेवढ्या. म्हणजे चांगली-वाईट बघून नव्हे. आणि कुठल्या जागी कुठली फळी, ते तर चिठ्ठ्यांनी ठरवलेलं. आईंचा आखडलेला खांदा आणि माझं स्टीलचं पातेलं यांनी मिळून निवड केली होती. दोघांनाही लाकडातलं काही कळत नव्हतं, आणि तेच हवं होतं.

आई मात्र अजून फळ्यापाशीच उभ्या होत्या. मग त्यांनी टाचा उंचावून अगदी वरच्या ओळीत, मधोमध, आणखी एक ठिपका दिला. 'हिच्यासाठी स्टूल घेतलं.'

हे त्यांनी सांगितलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं. सरांनी विचारलं, हीच का?

'ही सगळ्यांत जास्त उललेली. माझ्या टाचेसारखी. खिडकीतून रोज दिसायची, बघवत नव्हतं.' आणि मग माझ्याकडे वळून हळूच, 'हे सांगून तुझं नुकसान होत असलं तरी सांग. सगळं सांगायचं ठरवून आल्येय मी.'

मी सांगितलं. सरांनी माझी वही ओढून घेतली, पानं मागे उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून ती माझ्याकडे फिरवली. ती फळी ऑगस्टमध्येच 'गेली' होती. माझ्याच हातानं लिहिलेलं होतं. तिचं वय मोजून झालं होतं, ती आता नुसती जागेवर होती, आणि घाबरून माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. सर म्हणाले, 'हिला ती हवं तेवढं तेल लावू शकते.' इतक्या वर्षांत मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

बाकीच्या ठिपक्यांमध्ये ज्या अजून गेल्या नव्हत्या, त्यांचं काय करायचं ते त्यांनी मला पाच मिनिटांत सांगितलं. ते मला पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकातलं आपल्या अंगणात घडेपर्यंत आपल्याला ते माहीत नसतं. गेल्या शनिवारी मी सगळ्या तपासल्या होत्या. तोपर्यंत त्या शाबूत होत्या, एवढं नक्की. पुढचं आपण कधी बघणार नाही. तर तेवढंच लिहायचं: इतके दिवस टिकली, आणि आकड्यापुढे अधिकचं एक छोटं चिन्ह. म्हणजे निदान एवढं तरी, कदाचित जास्तही. असे आकडेसुद्धा हिशेबात धरण्याची रीत आहे. उत्तर थोडं धूसर येतं, पण खोटं येत नाही.

आईंनी मला विचारलं, 'काय म्हणतायत?' मी म्हटलं, तुमच्या फळ्या फुकट गेल्या नाहीत. जेवढ्या टिकल्या तेवढं त्यांच्या नावावर राहणार आहे. त्या सरांकडे बघून म्हणाल्या, 'देव तुमचं भलं करो.' याचं मी भाषांतर केलं नाही. सरांनी मान तुकवली, त्यांना ते कळलं होतं.

परतीच्या गाडीत आईंनी पिशवीतून दशम्या काढल्या. मी त्यांना सॉरी म्हटलं, इंग्रजीतच, कारण सासूला मराठीत माफी कशी मागतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, 'खा. कालपासून उपाशी आहेस.'

वसंतात प्रबंध मान्य झाला. त्यातल्या तक्त्यांमध्ये अधिकच्या चिन्हांची गर्दी बघून परीक्षकांपैकी एकानं विचारलं, हे इतके कसे? सरांनी माझ्याआधी उत्तर दिलं, 'हवामानाखेरीजचं एक कारण, निवड पक्षपाती नव्हती.' आभाराच्या पानावर मी सरांच्या खालोखाल आईंचे आभार मानले. मनापासून मानले, कारण तो प्रबंध मला त्यांच्या खरेपणामुळे मिळाला आहे. मला वाचवायला त्यांच्याजवळ एक खोटं तयार होतं, आणि त्यांनी ते वापरलं नाही.

सांगाडा मोडला तेव्हा सरांनी वरच्या ओळीतली ती उललेली फळी आईंना दिली. आईंनी ती लुगड्यात गुंडाळून बॅगेत घातली. विमानतळावर नवरा म्हणाला, 'आई, अगं चिपळूणला लाकूड मिळत नाही का?' त्या म्हणाल्या, 'हे मिळत नाही.' मग बुटांनी टपटप करत त्या आत गेल्या, वळून एकदा हात केला, आणि दिसेनाशा झाल्या.

आम्ही ह्यूस्टनजवळ शुगर लँडला गेलो. मला तिथे नोकरी लागली. रोज लांबचं ड्राइव्ह, घामट उन्हाळा, नवं घर. यंदा जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ असं म्हणता म्हणता दशक संपत आलं, आणि एका सकाळी सासऱ्यांचा फोन आला. नवरा मिळेल त्या विमानानं गेला. मला जायला जमलं ते पुढच्या हिवाळ्यात. माझ्यापाशी आईंचं शेवटचं दर्शन ते विमानतळावरचं आहे. तिथपर्यंत त्या ठणठणीत होत्या. पुढचं मी पाहिलं नाही.

चिपळूणच्या घरी देव्हाऱ्यापुढे ती फळी होती, तिच्यावर समई. सासरे म्हणाले, 'दर थंडीत भेगेत तेल भरायची. यंदा कोणी भरलं नाही.' भेग कोरडी, पांढरट झाली होती. मी सवयीनं तीत नख घालून पाहिलं. वाढली होती की होती तेवढीच होती, सांगता येईना. पट्टी माझ्यापाशी नव्हती, आणि तुलना करायला बिनतेलाची दुसरी फळीही नव्हती. कोकमतेलानं ती तगली असं मी म्हणणार नाही. एका फळीवरून काही सांगता येत नाही.

मी सासऱ्यांना विचारलं, तेल कुठे असतं? त्यांनी फडताळातला डबा काढून दिला. आईंनी बांधलेला एक गोळा तळाशी शिल्लक होता. मी तो तळहातावर घासला, तेल सुटू दिलं, आणि भेगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटानं भरत गेले. हाताला राहिलेलं टाचांना पुसलं. माझ्याही उलायला लागल्या होत्या.